तो वळला होता, असं मी म्हणालो

बर्फावरच्या हॉकीत बचावपटूला निम्मा खेळ उलटं सरकत खेळावा लागतो. हल्ला करणारा तोंड पुढे करून जोरात येतो, आणि आपण त्याच्याकडे बघत तेवढ्याच जोरात मागे मागे जायचं, त्याच्या छातीवरची नजर ढळू द्यायची नाही. मला हे पहिल्या दिवसापासून यायचं. नागपूरहून कॉव्हेंट्रीत येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाला सगळ्यांना रिंकवर नेलं होतं. बाकीची पोरं कठड्याला धरून पुढे सरकायला शिकत होती, आणि मी मागे सरकत अख्खी फेरी मारून आलो. न्यायला आलेल्या बाबांनी ते काचेतून पाहिलं आणि घरी येऊन आईला म्हणाले, "अख्खं जग पुढे जाऊन राहिलं, अन् आपला पोरगा मागं मागं जाऊन राहिला." पुढची कितीतरी वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे वाक्य ऐकावं लागलं.

आमचं घर एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत होतं. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि नागपूरच्या काकांनी दिलेलं ठोक्यांचं घड्याळ. ते दर तासाला इतक्या जोरात वाजायचं की शेजारची मिसेस वॉल्श त्यावर तिच्या औषधाच्या गोळ्या घ्यायची. बाबा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. दिवसभर काचपट्ट्यांवर चिठ्ठ्या चिकटवून त्यांना ती सवयच जडली होती. घरातल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असायची. हळदीच्या बरणीवर हळद असं लिहिलेलं असायचं, ती कोणाला दुसरी काही वाटण्याची शक्यता नसताना. आई एका शाळेच्या किचनमध्ये कामाला होती. तिथे दिवसभर मीठ-मिरची नसलेले बटाटे उकडायचे आणि घरी आल्यावर त्याचा सूड उगवल्यासारखा स्वयंपाक करायचा, असा तिचा दिनक्रम. शनिवारी ती माझ्या टीमसाठी आलूबोंडे तळून द्यायची. बाकीचे महाराष्ट्रीय ज्याला बटाटेवडा म्हणतात त्याला आमच्या नागपुरात आलूबोंडा म्हणतात, आणि टीममधले कॅनेडियन खेळाडू 'बोंडा, बोंडा' करत माझ्या बॅगेवर तुटून पडायचे. घरात फोडणीचा वास आणि रेडिएटरवर वाळत घातलेल्या माझ्या ग्लव्ह्जचा वास यांची कायम मारामारी चालायची. ग्लव्ह्जच्या वासाला आई मेलेला उंदीर म्हणायची. आज माझ्या गुडघ्यात दोन ठिकाणी धातू आहे, जिना उतरताना मी कठडा धरतो, पण कुठे खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो की त्या वासानं अजून सुखावतो.

प्रोफेशनल या शब्दानं कुणी फसू नये. बाविसाव्या वर्षी मी प्रोफेशनल झालो म्हणजे सकाळी टायरच्या दुकानात काम, संध्याकाळी सराव, आणि शनिवार-रविवार सामने. क्लब तासाभराच्या अंतरावरच्या एका छोट्या गावातला होता. नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही. रिंक इतकी जुनी की गर्दी झाली की बर्फावर धुकं धरायचं आणि पलीकडचा गोलकीपर दिसेनासा व्हायचा. माझं काम सोपं होतं. गोलसमोर कोणाला उभं राहू द्यायचं नाही, कोपऱ्यात गेलेला पक, म्हणजे चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती, बाहेर काढायचा, आणि तो आणायला जो येईल त्याला अंगानं भिंतीशी दाबून धरायचं. गोल मारणं माझं काम नव्हतं. एका सबंध सीझनमध्ये मी दोन गोल मारले होते, त्यातला एक चुकून.

हे इंदोऱ्याच्या काकांना काही केल्या पटत नसे. नागपूरच्या इंदोऱ्यात राहणारे बाबांचे थोरले भाऊ, त्यांच्यासाठी बाबांनी खास व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. दर सामन्याला बाबा काचेच्या मागे ठरलेल्या जागी उभे राहून शूटिंग करायचे, कॅसेटवर तारीख, गाव आणि समोरच्या टीमचं नाव असलेली चिठ्ठी लावायचे, आणि दीक्षाभूमीला जाणारा कोणीही भेटला की त्याच्या बॅगेत चार-पाच कॅसेट सरकवायचे. काकांकडे गल्लीतली माणसं जमून त्या बघायची. मग काकांचं पत्र यायचं, "सिद्धार्थ गोल का मारत नाही? मारू देत नाहीत का? तिकडेही आपल्या माणसाला मागेच उभं करतात काय?" बाबांनी यावर तीन पानी उत्तर लिहिलं होतं, बचावपटू म्हणजे काय हे आकृती काढून समजावलं होतं. काकांचं पुढचं पत्र आलं: "समजलं. पण एखादा तरी मारू द्यावा."

काकांना खेळ कळावा म्हणून बाबा शूटिंग करताकरता मराठीत बोलत राहायचे. तो आवाज कॅसेटवर यायचा, आणि दुर्दैवानं रिंकवरही सगळ्यांना ऐकू यायचा. "हे पाहा दादा, आता आपला सिद्धू आला... त्या लाल टोपीवाल्याले कसा दाबला पाहा... वा रे पठ्ठे!" लोक वळून बघायचे. टीममधली पोरं त्यांची नक्कल करायची, प्रेमानंच करायची, पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा गाडीत मी म्हणालो, "बाबा, जरा हळू बोला ना." ते म्हणाले, "अरे, नागपूरपर्यंत आवाज जायले पाहिजे का नाही?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत राहिले. मी खिडकीबाहेर बघत बसलो. वडिलांची लाज वाटायची, हे आज लिहितानाही हात अडखळतो. पुढे जे लिहायचं आहे त्यापुढे ही लाज काहीच नाही.

त्या सीझनच्या शेवटी उत्तरेकडच्या एका मोठ्या क्लबनं माझी चौकशी केली. वरच्या लीगमधला क्लब, दिवसातून दोनदा सराव, टायरचं दुकान नाही. त्यांचा माणूस एका रविवारी दुपारी सामना बघायला येणार होता. सामना दुसऱ्यांच्या गावी होता, आणि त्यांच्याकडे कॉलम डॉसन होता. माझ्याच वयाचा, सडपातळ, आणि इतका वेगवान की त्याच्याशी खेळताना आपल्या पायात चिखल भरल्यासारखं वाटायचं. पहिल्या भागात तो मला एकदा बाहेरून चकवून गेला. दुसऱ्या भागात त्यानं पक माझ्या दोन पायांमधून काढला, आणि वरचे सगळे लोक हसले. मी तो हशा ऐकला. वर बसलेल्या त्या माणसानं कागदावर काहीतरी लिहिलं, तेही मी पाहिलं.

तिसऱ्या भागात पक आमच्या कोपऱ्यात गेला आणि कॉलम तो आणायला गेला. त्याचं तोंड भिंतीकडे होतं, मान खाली, पाठ माझ्याकडे. या खेळात अगदी लहान मुलांनाही पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवतात: समोरच्याच्या पाठीवरचं नाव वाचता आलं, तर थांब. मी ते नाव वाचलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचलं, इतका वेळ मला होता. थांबता आलं असतं, बाजूनं जाता आलं असतं, नुसती स्टिक घालता आली असती. मी थांबलो नाही. तो भिंतीवर आदळल्याचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून लोक आधी ओरडलेही. मग तो उठेना, तेव्हा सगळी रिंक गप्प झाली.

रेफरी दुसऱ्या दोघांची झटापट सोडवत होता, त्यानं नेमकं काही पाहिलं नाही; मला पाच मिनिटं बाहेर बसवलं, एवढंच. कॉलमला स्ट्रेचरवरून नेलं. मानेचा एक मणका तडकला होता. तो चालू शकणार होता, हात हलणार होते, पण हॉकी संपली होती. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी कार पार्कमध्ये एक बाई बाबांकडे आली. लेकाचा मोठा कोट तिच्या हातात तसाच होता. ती कॉलमची आई होती, मिसेस डॉसन. हॉस्पिटलला जायच्या आधी दोन मिनिटं थांबली होती.

"तुम्ही शूटिंग करत होतात," ती म्हणाली. "आमच्या क्लबची कॅसेट नेमकी तेव्हा बदलत होते. तुमच्याकडे आहे ना ते?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "येस मॅडम," ते म्हणाले. "आय हॅव इट. मी घेऊन येईन. प्रॉमिस."

नेहमी सामन्यानंतर गाडीत बाबा सगळा खेळ पुन्हा सांगायचे, जणू मी तिथे नव्हतोच. त्या दिवशी त्यांनी फक्त एकदा विचारलं, "त्याची पाठ होती का रे तुझ्याकडे?" मी म्हणालो, "तो शेवटच्या क्षणी वळला, बाबा." हे वाक्य मला कोचनं ड्रेसिंगरूममध्ये दिलं होतं. "एवढंच म्हणायचं, बाकी काही बोलायचं नाही," असं खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. या खेळात सगळेच असं म्हणतात, आणि कधी कधी ते खरंही असतं. बाबा "हं" म्हणाले.

सोमवारी मी दुकानातून दुपारी लवकर घरी आलो. बाबा पाच वाजेपर्यंत लॅबमध्ये, आई शाळेत. कॅसेट तिच्या जागी कपाटात होती, चिठ्ठी लावलेली. मी ती टीव्हीवर लावली. बाबांचा आवाज नेहमीसारखाच उत्साहात होता, "पाहून राहिले ना दादा, दोनदा चकवलं त्यानं आपल्याले, पण आता पाहा..." मग मी चित्रात आलो. कोपऱ्याकडे जाणारा मी मला ओळखू येईना, इतका सरळ आणि इतका सावकाश गेल्यासारखा दिसत होतो. बाबांचा आवाज बदलला. "थांब. अरे थांब... सिद्धू, थांब ना..." मग भिंतीचा आवाज. मग बराच वेळ काही नाही, आणि मग अगदी हळू, काकांनाही नाही, कोणालाच नाही: "पाठीतून मारलं गा त्यानं."

कॅमेरा घेऊन मी पुढच्या खोलीत जमिनीवर बसलो. कॅसेट त्यात घातली, ती जागा शोधली, लेन्सला झाकण लावलं आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. आधीचं पुसून त्यावर काळोख भरत राहिला. सहा-सात मिनिटं मी तसाच बसून होतो. मनात एकच विचार होता, की लीगच्या चौकशीत ही कॅसेट पाहून मोठी बंदी झाली आणि ती बातमी उत्तरेला पोचली तर ते लोक दुसरा बचावपटू घेतील. कॉलमच्या मानेचा विचार आला नाही, असं म्हणणार होतो; पण तो आला होता, आणि मी तो बाजूला सारला. मग सगळं जागच्या जागी ठेवलं, चिठ्ठीसकट. आई आली तेव्हा मी कांदा चिरत होतो. ती म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला?"

बुधवारी दुपारी चौकशी होती, एका हॉटेलच्या मीटिंगरूममध्ये. लीगची तीन माणसं टेबलामागे, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला मिसेस डॉसन आणि मानेला पांढरा पट्टा बांधलेला कॉलम. डॉक्टरांनी नको म्हटलं असतानाही तो आला होता. बाबांनी लग्नाकार्यातला सूट घातला होता. कॅसेट एका पाकिटात होती, पाकिटावरही चिठ्ठी. त्यांनी ती घरी पुन्हा लावून पाहिली नव्हती. मला वाटतं, पाहवली नसती त्यांना. मला विचारलं तेव्हा मी उभा राहून स्पष्ट आवाजात सांगितलं, "तो शेवटच्या क्षणी वळला. मला थांबता आलं नाही." मग टीव्ही लावला.

सामना दिसला, बाबांची मराठी ऐकू आली. टेबलामागच्या एकानं हसू दाबलं. आणि ऐन वेळी पडदा काळा झाला. मी चित्राचा विचार केला होता. कॅमेरा आवाजही घेतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या काळ्या पडद्यातून एका बंद खोलीची शांतता येऊ लागली. कुणीतरी नाक ओढलं. लांबून एक गाडी गेली. आणि मग आमच्या घड्याळाचे ठोके पडले, खणखणीत, एक, दोन, तीन.

त्या खोलीत या आवाजाचा अर्थ फक्त दोघांना कळत होता. दुपारी तीन वाजता बाबा कधीच घरी नसायचे. आई नसायची. मी बाबांकडे पाहिलं नाही, पण ते माझ्या शेजारीच बसले होते आणि त्यांचा श्वास थांबलेला मला समजला. टेबलामागच्या मधल्या माणसानं विचारलं, "मिस्टर मेश्राम, हे काय आहे?"

बाबा उभे राहिले. कोटाचं बटण लावलं. "माझी चूक आहे, सर," ते म्हणाले. "घरी कॅमेरा तपासताना मी चुकीचं बटण दाबलं असणार." तीस वर्षांत एका रुग्णाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर न लावलेला माणूस हे बोलत होता. मग ते खोली ओलांडून मिसेस डॉसनसमोर गेले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला शब्द दिला होता. मी तो पाळला नाही. मी तुमची क्षमा मागतो." ती त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी तिनंच त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "इट्स ऑल राइट, लव्ह. मशीन आहे ते."

मी खुर्चीत बसून होतो. तेव्हा उठायला हवं होतं. त्यानंतर इतक्या वेळा मी मनात त्या खुर्चीतून उठलोय की कधी कधी खरंच उठलो होतो असं वाटतं. पुरावा नसल्यामुळे मला दोन सामन्यांची बंदी झाली. बाहेर कॉरिडॉरमध्ये कॉलम माझी वाट बघत उभा होता. पट्ट्यामुळे त्याला सगळं अंगच वळवावं लागलं. "मला टेप कशाला हवी होती?" तो म्हणाला, अजिबात न रागावता. "पाठ माझीच होती ना, सिड. टेप इतरांना दाखवायला हवी होती." परतीच्या वाटेवर आईनं दिलेला पोळी-भाजीचा डबा बाबांनी उघडला नाही, आणि मला मात्र भूक लागली होती, हेही लिहून टाकतो. मी गाडीत बसून सगळ्या पोळ्या खाल्ल्या.

आमच्या घरातल्या एका पद्धतीबद्दल मी आतापर्यंत लिहिलं नाही, कारण ती मला कोणाला सांगायला आवडत नाही. रविवारी सकाळी पुढच्या खोलीत वंदना व्हायची. त्रिसरण, पंचशील म्हणून झालं की बाबा मेणबत्तीसमोर बसूनच विचारायचे, "या हप्त्यात कोणाचं कोणतं शील तुटलं?" विहारात असं काही नसतं, ही बाबांची स्वतःची शोधून काढलेली गोष्ट. त्यात धाक नव्हता. लहानपणी मी गृहपाठाबद्दल मारलेली थाप सांगायचो. आई कधी म्हणायची, "शाळेतल्या सुपरवायझरले मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्या कोणत्या शिलात बसतात?" आणि तिघंही हसायचो. सांगितलं की विषय संपला. त्यावर पुन्हा कधी कोणी बोलायचं नाही, हाही नियमच होता.

बंदीमुळे त्या रविवारी मी घरीच होतो. स्वयंपाकघरात गोळाभात शिजत होता. वंदना झाली, आणि त्या दिवशी बाबांनी आधी विचारलं नाही, स्वतःच सांगितलं. "माझं चौथं शील तुटलं. खोटं बोललो. जाणूनबुजून."

आईनं चमकून पाहिलं. "तुम्ही? कोणाशी?"

"एका आईशी," बाबा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मी बोललो असतो. तसं काही नव्हतं. मी लहान असताना गृहपाठाबद्दल विचारायचे तसंच विचारलं, "सिद्धू, तुझं?"

एक वाक्य बोलायचं होतं. नियमाप्रमाणे त्यावर पुन्हा कधी कोणी काही बोललं नसतं. जणू दार उघडून ते बाजूला उभे राहिले होते, मला फक्त आत जायचं होतं.

"माझं काही नाही, बाबा," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. आई उठून आत गेली. आम्ही गोळाभात खाल्ला, वरून कढत तेलाची फोडणी घालून, आणि आईनं मला दोनदा वाढलं. त्या रविवारनंतर बाबांनी तो प्रश्न घरात कोणालाही, कधीही विचारला नाही.

उत्तरेकडच्या क्लबनं मला घेतलं. मी अकरा सीझन खेळलो, त्यातले तीन कॅप्टन म्हणून. एवढ्या वर्षांत पुन्हा कोणाला पाठीतून मारलं नाही. पण हे मी स्वतःच्या कौतुकासाठी सांगत नाही, कारण ते मी कॉलमसाठी केलं नाही, भीतीनं केलं. चाहत्यांनी माझं नाव 'द वॉल' ठेवलं होतं आणि वर्तमानपत्रात मला 'सभ्य बचावपटू' म्हणायचे. ते कात्रण मी बाबांना कधी दाखवलं नाही. ते सामन्याला येत राहिले, पण कॅमेरा न घेता. काचेच्या मागे हात कोटाच्या खिशात घालून गप्प उभे असायचे. कॅसेट का येत नाहीत म्हणून काकांनी फोनवर विचारलं, तर म्हणाले, "आता हात हलतो, दादा." मी इतकी वर्षं त्यांना हळू बोला म्हणत होतो. आता त्यांनी ओरडावं म्हणून मी खेळता खेळता काचेकडे बघायचो.

आमच्यात भांडण झालं नाही. ते माझ्या लग्नात नाचले, माझ्या मुलींना त्यांनी सायकल शिकवली. मी दर वर्षी ठरवायचो, या भेटीत सांगू. मग जेवणं व्हायची, चहा व्हायचा, निघायची वेळ व्हायची. गेल्या हिवाळ्यात बाबा गेले, शेवटचे पाच दिवस हॉस्पिटलमध्ये, आणि त्या पाच दिवसांत मी त्यांच्याशी उशांबद्दल, औषधांबद्दल, पार्किंगबद्दल बोललो.

नंतर बँका, पेन्शन वगैरेंना कळवायचं म्हणून मी त्यांची फोनची डायरी काढली. 'ड' खाली त्यांच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: मिसेस डॉसन. पुढे नंबर, आणि त्याखाली, पहिला रविवार. मी ती आईसमोर धरली. आईला आता कमी दिसतं. तिनं डायरी डोळ्यांजवळ नेली आणि परत दिली.

"दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करत होते तिले," ती म्हणाली. "पोराची मान कशी आहे, विचारायले. दवाखान्यात जाईपर्यंत कधी चुकले नाहीत."

"तुला माहीत होतं? सगळं?"

"त्याच दिवशी कळलं मले. तू काही नाही म्हणाला ना, तवाच."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तू सांगशीन म्हणून वाट पाहिली," आई म्हणाली. "तेही पाहत होते. म्हणायचे, सांगंल तो, येळ लागंल त्याले." मग तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "लय येळ लावला तू, सिद्धू."

मी पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आईच्या घरून फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, साठीला टेकलेला माणूस शाळकरी पोरासारखा. बऱ्याच रिंग वाजल्यावर म्हातारा, कापरा आवाज आला.

"मेश्राम बोलतोय," मी म्हणालो.

"मिस्टर मेश्राम!" ती एकदम खुलली. तिला बहुधा नीट ऐकू येत नसावं. "किती महिने झाले! मला वाटलं आजारी पडलात की काय. बरे आहात ना?"

सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी लिहून आणली होती, या प्रश्नाचं नव्हतं. हो, बरा आहे, कॉलमची मान कशी आहे, एवढं म्हणून फोन ठेवता आला असता. ती खुश झाली असती. ते माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. समोर आई बसली होती, माझ्याकडे न बघता.

"नाही, मिसेस डॉसन," मी म्हणालो. "ते गेले. मी त्यांचा मुलगा. तुमच्या कॉलमला मी पाठीतून मारलं होतं. तो वळला नव्हता. आणि ती टेप बाबांनी नाही, मी पुसली."

मग ती म्हणाली, "थांब जरा. रविवारी तो माझ्याकडेच जेवायला असतो. हे त्यालाच सांग."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मी थांबलो.